मुलाखतीला भिजवलेले पोहे

सोमवार, दसऱ्यानंतरचा पहिला. स्थळ : बुलढाण्यातलं आमचं घर, पुढची खोली.

हजर : मी. आमचे मिस्टर, कोर्टातून अर्ध्या दिवसाची रजा काढून. मोठे दीर, ज्यांना घरीदारी सगळे गुरुजी म्हणतात, कारण त्यांनी उभा जन्म खेड्यातल्या शाळेत इंग्रजी शिकवलं. जानेफळहून आलेली माझी धाकटी बहीण. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, जिची मुलाखत होती. माझी मुलगीही घरात होती, पुण्याहून सुट्टीवर आलेली, पण ती खोलीत नव्हती. त्याचं कारण पुढे येईल.

गैरहजर : भाचीचे वडील. त्यांचं सोयाबीन सोंगणीला, म्हणजे कापणीला आलं होतं.

कॉलेजच्या ऑफिसात बैठकांचं इतिवृत्त लिहून लिहून माझा हात असाच वळला आहे. आधी तारीख, मग कोण आलं, कोण आलं नाही, कोण काय बोललं आणि शेवटी काय ठरलं. त्या सोमवारी कोण काय बोललं ते मला शब्दन् शब्द आठवतं. काय ठरलं ते मात्र मला अजून कळलेलं नाही.

भाचीनं नर्सिंग केलं आहे आणि मेहकरच्या एका लहान दवाखान्यात ती कामाला आहे. हैद्राबादच्या एका मोठ्या हॉस्पिटलात तिनं अर्ज केला होता आणि त्यांनी मुलाखतीला बोलावलं होतं, म्हणजे लॅपटॉपवर. मुलाखत इंग्रजीत. दिवाळीनंतर तिच्यासाठी स्थळं पाहायची असं घरात ठरलेलं होतं. पण ही नोकरी लागली तर दोन वर्षं लग्नाचा विषय काढायचा नाही, असं तिनं वडिलांकडून कबूल करून घेतलं होतं. कबूल करताना वडील हसले होते म्हणे. इंग्रजीत मुलाखत आणि आपली पोरगी, त्यांना वाटलं असेल, कबूल करायला काय जातं.

आता इंग्रजीचं आणि माझं थोडं सांगते. माझ्या टेबलावर दिवसभर मुलांचे अर्ज येतात. 'टू, द प्रिन्सिपल' ही पहिलीच ओळ, आणि तिथेच निम्मी मुलं शेवटची दोन अक्षरं चुकवून अर्ज प्राचार्यांऐवजी तत्त्वाला करतात. खूप आजारी होतो असं लिहायचं असतं तिथे 'क्वाइट'ऐवजी 'क्वाएट' पडतं आणि मुलगा शांतपणे आजारी होतो. वह्या-पेनांच्या दुकानाच्या पाटीवर जी स्टेशनरी लिहिली आहे ती जागची न हलणारी. आमच्या जिल्ह्याच्याच नावात एका पाटीवर एच आहे आणि त्याच रस्त्यावर पुढच्या पाटीवर नाही. अशा चुका मी डायरीच्या मागच्या पानांवर उतरवते. किराणा, विम्याचा हप्ता, गॅसचा नंबर, तशीच ही एक यादी. कोणाला दाखवायची नसते. लिहिली की डोक्यातली कटकट थांबते, एवढंच.

पण स्पेलिंगचं एक बरं असतं. शब्दकोश उघडला की निकाल लागतो. उच्चारांचा निकाल कोण लावणार, हे मला आदल्या दिवशी, रविवारी कळेनासं झालं.

रविवारी मी सराव ठेवला होता. गुरुजी दीक्षाभूमीवरून पिशवीभर नवी पुस्तकं घेऊन नुकतेच परतले होते आणि उत्साहात होते. माझी मुलगी पुण्यात नोकरी करते, रोज मुलाखती घेणाऱ्यांच्या शेजारी बसते, म्हणून तिलाही बसवलं. भाची मध्ये. पहिल्याच वाक्याला गाडी अडली.

"हॉस्पिटल म्हण," मुलगी म्हणाली.

"हास्पिटल."

"हा नाही गं. हॉ. तोंड गोल कर."

"काऊन वो ताई? आमच्याकडं डाक्टरबी हास्पिटलच म्हणतात."

"तुमच्याकडे म्हणतात. तिथे हसतील."

"कोण हसते?" गुरुजी पुस्तकातून वर आले. "मी जन्मभर हास्पिटल शिकवलं. माझ्या हाताखालची पोरं तहसीलदार झाली."

"मोठेबाबा, तहसीलदार मराठीतच बोलतात."

"सही तर इंग्रजीत करतात ना?"

मग 'ऑफन'वरून जुंपली. गुरुजींचं म्हणणं, त्यातला टी म्हणायचाच, लिहिला आहे तो काय शोभेला? मुलगी म्हणाली, मग बुधवारच्या इंग्रजी नावातला डीसुद्धा म्हणाल. गुरुजी म्हणाले, "वेडनेसडे. अर्थातच." मुलीनं उशी तोंडावर घेतली. वेळापत्रकाला एक शेड्यूल म्हणत होते आणि दुसरी स्केड्यूल. मिस्टर पेपर वाचता वाचता म्हणाले की कोर्टात साहेब जो उच्चार करतात तोच खरा, आणि साहेब बदलून गेले की तोही बदलतो.

मी कागदावर दोन रकाने पाडले. डावीकडे गुरुजी, उजवीकडे मुलगी. भाची त्या कागदाकडे बघत राहिली.

"मावशी, मी यातलं कोणतं म्हणू?"

"संध्याकाळपर्यंत सांगते," मी म्हणाले. माझ्या ऑफिसात कोणत्याही प्रश्नाला हे उत्तर चालतं.

दुपारी फोनवर एकेक शब्द ऐकून पाहिला. फोनमधल्या बाईनं आधी एक सांगितलं, देश बदलल्यावर दुसरं सांगितलं, आणि भारत निवडल्यावर तिसरंच. तिसरा रकाना पाडायला कागदावर जागा नव्हती. संध्याकाळपर्यंत भाचीची अशी गत झाली की प्रत्येक शब्दाआधी ती ओठ हलवून बघायची आणि मग बोलायचीच नाही. मी तिला इंग्रजीत नाव विचारलं, तरी ती विचारात पडली.

"राहू दे वो," बहीण म्हणाली. "लेकरू मुकं होऊन राह्यलं तुमच्या शिकवण्यानं."

सोमवारची तयारी मात्र माझ्या हातातली होती. हॉस्पिटलच्या मेलमध्ये सूचना होत्या आणि मी त्यांची यादी करून एकेकीवर खूण केली होती. उमेदवारानं शांत खोलीत बसावं : टीव्ही बंद, मिक्सर बंद, शेजारच्यांना कुत्रा मागच्या अंगणात बांधायला सांगितलं. उजेड समोरून यावा : खिडकीचा पडदा बाजूला. उमेदवारानं एकटं बसावं : यावरही मी खूण केली होती. माझ्या मुलीला मी स्वयंपाकघरात पाठवलं होतं.

यात चुकलं काय, हे मला अजून कोणाला पटवता आलेलं नाही. आमच्याकडे मुलगी पाहायला येतात तेव्हा 'मुलीला एकटीला बसवा' म्हणतात. त्याचा अर्थ, घरातली दुसरी लग्नाची मुलगी पाहुण्यांच्या नजरेसमोर ठेवू नका, उगाच त्यांच्या मनात ती भरायची. मला पाहायला आले तेव्हा याच बहिणीला शेजाऱ्यांकडे नेऊन बसवलं होतं आणि ती रडली होती. वडीलधारी माणसं त्या हिशेबात धरतच नाहीत. ती तर असणारच. ती नसली तर मुलीला कोणी नाही असं दिसेल.

कपड्यांवरून थोडं झालं. भाचीला साधा पंजाबी ड्रेस घालायचा होता.

"लोकं पाहाले येऊन राह्यले अन् ड्रेस घालतं?" बहिणीनं बॅगेतून काठाची साडी काढली.

"आई, ते येऊन नाही राह्यले. ते हैद्राबादले हायेत."

"पाहून तर राह्यले ना?"

साडी नेसवली गेली. मी सतरंजी अंथरली, टेबलावर भरतकामाचा कपडा घातला, आणि एरवी पाहुणे बसतात त्या जागी लॅपटॉप ठेवला. समोर भाचीची खुर्ची. उजव्या हाताला गुरुजी, डाव्या हाताला मिस्टर, मागे मी आणि बहीण. खुर्च्या मीच मांडल्या, पण अशा का मांडल्या असं कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. हात आपोआप तसे चालले. सकाळी बहिणीनं विचारलं होतं, "पोहे किती भिजवू?" आणि मी मापही सांगितलं होतं. ते पोहे खाणार कोण, हे पडद्यावर समोरची माणसं दिसली तेव्हा माझ्या डोक्यात आलं.

पडद्यावर पांढऱ्या कोटातल्या एक बाई होत्या आणि चष्मेवाले एक गृहस्थ. बाई काहीतरी बोलल्या. मी इंग्रजी वाचते, लिहिते, दुसऱ्याच्या चुका काढते, पण त्यांचं इंग्रजी तेलावरून घसरल्यासारखं भराभर निघून गेलं. गुरुजींनी मान डोलावली, म्हणजे त्यांनाही कळलं नसावं. भाची मात्र "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणाली.

पुढचं मला समजलं. स्वतःबद्दल सांगा, असं बाईंनी विचारलं होतं.

भाचीनं श्वास घेतला आणि गुरुजी खाकरले. मुलीची पहिली माहिती घरातल्या मोठ्यानं द्यायची असते.

"मॅडम, शी इज माय यंगर ब्रदर्स वाइफ्स सिस्टर्स डॉटर. व्हेरी गुड गर्ल."

"व्हेरी गुड," मिस्टरांनी दुजोरा दिला.

"सैपाकबी येते म्हणा तिले," माझ्या शेजारून बहीण म्हणाली. "शिवणबी येते."

"कुकिंग अँड टेलरिंग, मॅडम. बोथ."

बाईंनी आणि गृहस्थांनी एकमेकांकडे बघितलं. गृहस्थ पडद्याच्या अगदी जवळ आले. मी पदर सारखा केला.

"हाउ मेनी पीपल आर देअर इन द रूम?" बाईंनी विचारलं.

"फोर, मॅडम. प्लस द गर्ल," गुरुजींनी सांगितलं, आणि काही लपवलं असं वाटू नये म्हणून पुढे जोडलं, "वन मोअर इन किचन."

मग बाई गंभीर चेहऱ्यानं बरंच बोलल्या. गुरुजींची मान डोलायची थांबली. मिस्टरांना सगळ्यात आधी उमगलं, कारण हे त्यांच्या रोजच्या कामातलं होतं. माझ्याकडे वळून ते हळूच म्हणाले, "साक्षीदाराला आपण पढवून राह्यलो, असं वाटतंय त्यांना. खोली रिकामी नाही केली तर बंद करतील म्हणतात."

तरी कोणी उठेना. आता यात हट्ट कोणाचाच नव्हता. पाहण्याच्या कार्यक्रमात उठून आत जाते ती मुलगी. मोठी माणसं बसून राहतात आणि पुढचं बोलतात. आम्ही चौघंही भाचीकडे बघत होतो, ती कधी उठते म्हणून. बहिणीनं तर तिच्या खांद्याला हात लावला.

"जाय माय, पाणी पिऊन ये."

भाची वळली. "आई, मी नाही जाणार. तुम्ही सगळे बाहेर जा. गुरुजी, तुम्हीबी. आत्ताच."

आवाज चढलेला नव्हता. पण गुरुजी उठले, आणि ते उठले म्हणून आम्ही उठलो. शेवटी बहीण होती. भाचीनं तिला दारापर्यंत आणलं आणि दार लोटून घेतलं. कडीचा आवाज आला.

घरापुढच्या ओट्यावर आलो तर स्वयंपाकघराच्या बाजूनं मुलगी आली, हातात शेंगदाण्यांची वाटी.

"तुम्ही आत होतात? सगळे? आई, मेलमध्ये एकटीनं बसायचं लिहिलं होतं ना?"

"म्हणून तर तुला आत पाठवलं."

तिनं शेंगदाण्यांची वाटी खाली ठेवली. मी समजावून सांगणार होते, पण समजावायला लागल्यावर मलाच ते नीट सांगता येईना.

खिडकी उघडी होती. उजेड समोरून यावा म्हणून मीच उघडी ठेवली होती. आतलं ऐकू येत होतं. भाची बोलत होती आणि भराभर बोलत होती. हास्पिटल. वार्ड. डाक्टर. आक्सिजन. मुलीनं डोळे मिटून घेतले. गुरुजी खूश व्हायला लागले होते, तेवढ्यात आतून 'ऑफन' आलं, आणि त्यात टी नव्हता. मग एकदा टी आला. काही शब्द तर दोन्ही रकान्यांतले नव्हतेच. बाई विचारत होत्या ते आमच्यापैकी कोणालाही धड कळत नव्हतं, मुलीलासुद्धा नाही, तिनं तसं कबूल केलं. भाची मात्र क्षणभरही न थांबता उत्तर देत होती. रविवारी जिला स्वतःचं नाव सांगता येईना ती हीच का, हे मला समजेना. ती आमच्यामुळे अडली होती की आमच्यामुळे तयार झाली होती, हेही समजेना.

मग त्या गृहस्थांचा आवाज आला. ते सावकाश बोलत होते, म्हणून कळलं. पेशंटच्या खाटेभोवती नातेवाईक गोळा झाले आणि सांगूनही हलेनात, तर तुम्ही काय कराल?

बहिणीनं माझं मनगट धरलं.

"सर," भाची म्हणाली, "जस्ट नाऊ यू सॉ."

ते गृहस्थ हसले. मोठ्यानं. बाईही हसल्या असाव्यात, एक बारीक आवाज आला. त्यानंतर भाची काहीतरी बोलत राहिली. एका माणसाला बसू देईन, बाकीच्यांना नम्रपणे सांगेन, मग दार लावेन, असं काहीसं. आमच्याबाबतीत तिनं एकालाही बसू दिलं नव्हतं, हे बहिणीनं नंतर बोलून दाखवलं.

शेवटी बाईही सावकाश म्हणाल्या की कळवू, आणि आठवडाभरात काही कळलं नाही तर तुम्ही मेल करून विचारा.

"काय म्हणली?" बहिणीनं विचारलं.

"कळवतो म्हणतात," गुरुजी म्हणाले.

बहीण पायरीवर बसली. "गेलं मग."

"गेलं काय मावशी? सगळीकडे असंच म्हणतात," मुलगी म्हणाली.

"माह्या मोठीच्या वेळेस तीन ठिकाणचे कळवतो म्हणून गेले. एकानंबी नाही कळवलं. ज्याले पसंत असते तो चहा संपायच्या आत बोलते."

"पण ते हसले ना," मिस्टर म्हणाले.

"हसले म्हणूनच गेलं," गुरुजी म्हणाले. "मुलाखतीत कोणी हसते काय?"

दार उघडून भाची आली. कशी झाली, तर म्हणाली, "झाली." काठाच्या साडीत जमिनीवर बसून तिनं दोन ताटल्या पोहे खाल्ले आणि लिंबू मागितलं. बाकीचे आम्ही खाल्ले. पाहुण्यांसाठी भिजवलेले पोहे पाहुण्यांशिवाय संपल्याची माझ्या आठवणीतली ही पहिलीच वेळ.

आठवडा गेला, मग दिवाळीचे दिवसही गेले. कळवलं नाही. मी दिवसातून तीनदा मेल बघत होते. अर्ज माझ्याच लॅपटॉपवरून केला होता, आणि जानेफळला भाचीच्या घरात रेंज कधी असते, कधी नसते, म्हणून मेल बघणं माझ्याकडे. आता विचारायला हवं, असं मी म्हटलं आणि पुन्हा दोन रकाने पडले.

"मुलीकडच्यांनी आपण होऊन विचारायचं नसते," गुरुजी म्हणाले. "किंमत जाते."

"मोठेबाबा, त्यांनीच विचारा म्हणून सांगितलंय," मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली.

"ते म्हणायची पद्धत असते. 'या एकदा घरी' म्हणतात, म्हणून काय कोणी जाते?"

पटलं दोघांचंही. हीच माझी अडचण. तरी मेल लिहायला घेतला. गुरुजींच्या मेलात आदरणीय मॅडमना अत्यंत नम्रपणे विनंती होती आणि ती दुसऱ्या परिच्छेदापर्यंत सुरूच झाली नव्हती. मुलीनं पुण्याहून पाठवलेला मेल 'हाय'नं सुरू होऊन दोन ओळींत संपत होता. मी दोन्ही जोडून बघितले. मेल नम्रपणे सुरू होऊन एकदम उद्धट व्हायचा.

काल भाचीचा व्हॉट्सअॅप आला. तिनंच चार ओळी लिहिल्या होत्या, इंग्रजीत. खाली मराठीत : "मावशी, हे जसंच्या तसं धाड. काही बदलू नको. गुरुजीले अन् ताईले दाखवू नको."

चारही ओळी साध्या होत्या. मुलाखत अमुक दिवशी झाली. मला हे काम येतं. मला ही नोकरी हवी आहे याची मला अगदी खात्री आहे. कृपया कळवा. त्यांत स्पेलिंगच्या दोन चुका आहेत, रोज माझ्या टेबलावर येतात त्यांतल्याच. मी मेल उतरवून घेतला आणि दोन्ही दुरुस्त केल्या. मग तिचं 'काही बदलू नको' पुन्हा वाचलं आणि दोन्ही जशा होत्या तशा केल्या. पण चूक दिसत असताना पाठवायची कशी? आणि दुरुस्त केली तर तिचं सांगणं मोडलं. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला केवढं दुरुस्त केलं होतं, आणि बोलली तेव्हा त्यातलं काय वापरलं, काय टाकलं, हे मला अजून उलगडलेलं नाही. तिकडे त्या बाईंना तिचं हास्पिटल ऐकू तरी आलं का, कोण जाणे. पुन्हा दुरुस्त केल्या.

तेवढ्यात बहिणीचा फोन आला.

"ताई, सोनाळ्याकडचं स्थळ हाये. रविवारी पाहाले येतो म्हणतात. तिचे बाबा हो म्हणून बसले, हैद्राबादचं काही आलं नाही म्हणून. तू येजो. अन् आठ माणसं हायेत, पोहे किती भिजवू?"

"पोरगी काय म्हणते?"

"ते काय म्हणते? तिनं तुले काही धाडलं म्हणे. ते गेलं का, एवढंच विचारते सारखी."

मी माप सांगितलं आणि फोन ठेवला. आज शुक्रवार. लॅपटॉप उघडा आहे. चार ओळी समोर आहेत, दोन्ही चुका या घडीला पुन्हा त्यांच्या जागी आहेत. मेल पाठवायचा बाकी आहे.